दाराचा आठवडा

‘दार’ हा शब्द मी सुचवला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या घरातलं कोणीतरी तुम्हाला गाठून सांगणारच, आणि त्यांच्या सांगण्यात तिखटमीठ फार.

मी रिटायर्ड बस कंडक्टर. शाळा बेताचीच झाली. मास्तर मला कंटाळले आणि मी मास्तरांना, तेव्हा मी मोठ्या मनाने बाहेर पडलो. (त्या आनंदात मास्तरांनी वर्गाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली म्हणतात.) पुढे सगळी नोकरी बसच्या दारात उभं राहून काढली. त्यामुळे दोन खोडी अंगात मुरल्या. समोर येईल त्याची टिंगल करायची ही एक, आणि दुसरी घंटीची. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल.

ही घंटी माझ्यासोबत घरी आली आणि घरातच राहिली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असतो, बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अहो, चहा टाकू का?” मी खुर्चीच्या हातावर ठोकतो, टक टक. ती चहा टाकते. पाहुण्यांसमोर माझी गाडी घसरायला लागली की ती ओट्यावर पळी आपटते. एकदाच. टण्. मी गप्प. आमचं निम्मं भांडणसुद्धा ठोकाठोकीतच होतं. (एकमेकांना नाही हो. लगेच पोलिसांकडे निघू नका.)

तर आमच्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे. (माझे दात अजून शाबूत, त्यामुळे मी कधी तिथे तोंड दाखवलेलं नाही.) तिथे टेबलावर बसणारी मुलगी लग्न करून गेली, आणि डॉक्टरीणबाई नवीन माणूस शोधू लागल्या. शांत स्वभावाचं, घराजवळचं, आणि थोडंफार इंग्रजी बोलणारं. दात दुखायला लागला की काही लोक इंग्रजीतच कण्हतात म्हणे.

एका सकाळी बायको म्हणाली, “ती नोकरी मला पाहिजे.”

मी हसलो. (इथे पहिली चूक झाली.)

“हसू नका,” ती म्हणाली. “सगळा जन्म लोक मला काय विचारत आले? मीठ कुठंय, टॉवेल कुठंय, माझा चष्मा पाहिलास का. एकदा मला टेबलामागे बसू दे. समोर कोणीतरी उभं राहू दे आणि अदबीने विचारू दे, मॅडम, माझा नंबर कधी लागेल?”

“मी विचारतो की,” मी म्हणालो. “मॅडम, माझा टॉवेल कुठंय?”

टण्.

सूनबाईने मात्र कंबर कसली. आमची सून कुठल्याशा ऑफिसात नव्या पोरांना बोलायला शिकवते. (आमच्या घरात खरं तर बोलायचं बंद कसं करावं याचा क्लास हवा होता, पण असो.) तिची पद्धत वेगळी. ती म्हणाली, “आई, नुसता शब्द पाठ करू नका. इंग्रजी शब्द एकटा फिरत नाही. त्याच्यासोबत कोण कोण येतं ते पाठ करा. दर आठवड्याला एकच शब्द घ्यायचा, पण त्याचं सगळं गणगोत ओळखून ठेवायचं. आणि बोलताना ती गोष्ट हाताने करायची, म्हणजे डोक्यात बसते.”

पहिला आठवडा चहाचा. मेक टी, पोअर टी, स्ट्राँग टी, वीक टी. प्रत्येक वेळी करून बघायचं, आणि केलेला चहा कोणीतरी प्यायचा. तो आठवडा माझा फार सुखाचा गेला. मग आला पाऊस. तिथे बायको अडली.

“चहा स्ट्राँग, मग पाऊस हेवी का? वजन केलं का कोणी त्याचं?”

“आई, ते तसंच म्हणतात.”

“आणि वारा?”

“तो स्ट्राँग.”

“म्हणजे वारा चहाकडचा. पावसाचं माहेर वेगळं.” बायकोने मान हलवली आणि ते तसंच पाठ केलं. तिला नातीगोती सांगितली की बरोबर लक्षात राहतात.

तिसऱ्या आठवड्यात मुलाखत होती. सूनबाई म्हणाली, टाइम घेऊ. मी म्हणालो, दार घ्या. दवाखान्यात माणूस येतो तो दारातून, जातो तो दारातून, आणि मधल्या वेळात तोंड उघडून बसतो ते वेगळं. सूनबाईला पटलं! माझं कोणाला पटलं की मी चेकाळतो. लगेच पुढची शक्कल काढली, की सराव बाथरूमच्या दारावर करा. घरात त्या एकाच दाराला मूठ, कुलूप आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून सरकणारी कडी असं सगळं आहे.

बस्स. आठवडाभर त्या दाराला सुख नव्हतं. ओपन द डोअर. क्लोज द डोअर. लॉक, अनलॉक, पुश, पुल. बायको सकाळी उठून दारासमोर उभी राहायची आणि कडी सरकवत पुटपुटायची, “बोल्ट द डोअर, अनबोल्ट द डोअर, बोल्ट द डोअर.” मी आत दात घासत. अर्धा वेळ कोंडलेला, अर्धा वेळ मोकळा. ‘स्लॅम द डोअर’ म्हणजे दार धाडकन आपटणं, ते तर तिला इतकं आवडलं की माझ्याशी काही बिनसलं की ती तेवढ्यापुरती इंग्रजीत जायची.

एकच गोष्ट तिला झेपेना. बेल वाजली की दार उघडायला जाणं म्हणजे म्हणे ‘आन्सर द डोअर’. “दाराला आन्सर का करायचं? दार काय विचारतं?”

“दार विचारतं, कोणाला तोंड द्यायचंय आता,” मी म्हणालो.

मीही हातभार लावत होतो. आतून ओरडायचो, “हेल्प! हेल्प! डोअर नो ओपन!” दोघी धावत यायच्या, कडीशी झटायच्या, मग मी शांतपणे दार उघडून बाहेर यायचो आणि विचारायचो, “काय झालं? काही हरवलंय का?” हे मी बऱ्याचदा केलं. शेवटी सूनबाईने नियम काढला. “बाबा, आता दाराबद्दल काही सांगायचं असेल तर पूर्ण वाक्य, बरोबर जोडीदारासकट. नाहीतर या घरात कोणी जागचं हलणार नाही.”

मुलाखतीचा दिवस उजाडला. दवाखान्यात रंगकाम चालू होतं, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीच दुपारी वर येऊन बसते. सूनबाई ऑफिसात. घरात आम्ही दोघंच. बायकोने चादर बदलली, खुर्च्या पुसल्या, आणि मग तिची नजर मोडकं सामान शोधत माझ्यावर येऊन थांबली.

“तुम्ही बाहेर जा.”

“जातो.”

“नको. जिन्यात त्यांना गाठाल आणि कवळीवरचे विनोद सांगाल.” (सांगितलेच असते. माझ्याकडे कवळीवरचे चांगले आहेत.) “तुम्ही आंघोळीला जा.”

“सकाळी केली की.”

“परत करा. भरपूर करा. त्या जाईपर्यंत करा. आणि तोंडातून एक शब्द बाहेर पडता कामा नये. मला वचन द्या.”

तिचा चेहरा बघून मी चक्क गंभीर झालो. बोटं पदराशी चाळा करत होती आणि ओठ आपले ओपन, क्लोज, लॉक करत होते. म्हटलं, “शब्द पडणार नाही.”

“नक्की?”

मी भिंतीवर ठोकलं. टक टक.

तेवढ्यात बेल वाजली. बायकोने एक मोठा श्वास घेतला, स्वतःशीच म्हणाली, “आय आन्सर द डोअर,” आणि दाराकडे गेली. आता मला सांगा, अशा वेळी माणसाने गुपचूप आत जायचं की नाही? पण वचन शब्दाचं होतं, आवाजाचं नव्हतं. तिला धीर यावा म्हणून मी जाता जाता तिचा आवडता धडा करून दाखवला. बाथरूमचं दार स्लॅम केलं. धाडकन. मग कडी लावली.

बाथरूमची भिंत बैठकीच्या खोलीला लागून आहे. आतलं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचं आत. (म्हणून मी आंघोळ करताना गातो, आणि म्हणूनच आमच्याकडे पाहुणे टिकत नाहीत.) मी डोक्याला साबण लावला. पाणी ओतणार, तेवढ्यात बाहेर मुलाखत सुरू झाली. पाण्याचा आवाज नको म्हणून तसाच थांबलो. मग वाटलं, एवढी मुलाखत चाललीय, जरा फटीतून बघावं. कमरेला टॉवेल गुंडाळला, हळूच कडीला हात घातला.

कडीची मूठ हातात आली. कडी दारातच अडकून बसली.

आठवडाभर बोल्ट-अनबोल्ट सोसून बिचारी खिळखिळी झाली होती, आणि माझ्या त्या स्लॅमने तिने प्राण सोडला होता. मी नखाने ओढून पाहिलं. कंगव्याने कोरून पाहिलं, कंगव्याचे दोन दात गेले. (दातांच्या डॉक्टर बाहेरच होत्या, पण सांगणार कसं?) ओरडावं तर वचन. वचन मोडावं तर उरलेलं आयुष्य कुठे काढायचं?

म्हटलं, हळूच ठोकू. ती येईल, काहीतरी निमित्त काढून दार ढकलेल. पण माझा हात! तो एकदा उठला की दोन टोल्यांशिवाय खाली येत नाही.

टक टक.

बाहेर बायको अडखळत होती. “माय... माय नेम...” माझे दोन टोले पडले मात्र, गाडी सुटली! नाव, वय, शिक्षण, सगळं घडाघडा. तिला वाटलं मी म्हणतोय, चल पुढे, रस्ता मोकळा आहे.

मी कपाळाला हात लावला. साबण डोळ्यात गेला.

“फोन वाजला तर काय कराल?” डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं.

“आय आन्सर द फोन,” बायको म्हणाली. “ॲज आय आन्सर द डोअर.”

“व्हेरी गुड. आणि एखादा पेशंट फार चिडला तर?”

“आय ओपन द डोअर. ही गोज. आय क्लोज द डोअर.” जरा थांबून ती म्हणाली, “सॉफ्टली.”

“आणि घाबरून पळायला लागला तर?”

“आय लॉक द डोअर.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मलाही हसू येत होतं, पण डोळे चुरचुरत होते. आंधळ्यासारखा चाचपडत मी पाण्याकडे गेलो आणि मगाला धक्का लागला. तो स्टीलचा मग फरशीवर पडला. टण्! एकदाच.

बाहेर बायकोचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं, ते तिथेच तुटलं.

“येस?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही काहीतरी सांगत होतात.”

बायको वाक्याच्या मधोमध ब्रेक लावून उभी. एक टोला म्हणजे थांब! इतक्या वर्षांत मी तिची एवढीच एक सवय पक्की केली होती, आणि तीसुद्धा आजच कामाला आली.

“आर यू ऑल राइट?” डॉक्टरीणबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

खरं सांगतो, ती टेबलामागची खुर्ची डोळ्यांसमोर आली. (डोळे मिटलेले होते, तरी आली.) बाई उठून गेल्या तर बायको मला ओरडणार नव्हती. नुसती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली असती, आणि ते मला बघवलं नसतं. मी भिंत शोधली आणि जीव खाऊन ठोकलं.

टक टक!

“यस्, डॉक्टर,” बायको म्हणाली. “आय वॉज सेइंग...” गाडी परत सुटली.

पण आता भलतंच झालं. तिला माझ्या घंटीची चटक लागली. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारायचा, बायकोने थांबायचं, मी आतून टक टक करायचं, मग तिने उत्तर द्यायचं. मी डोक्यावर वाळत चाललेला साबण घेऊन, टॉवेल सावरत, कुडकुडत, भिंतीला कान लावून उभा. बाई नुसत्या खोकल्या तरी मी ठोकत होतो. सगळ्या नोकरीत मी एवढ्या घंट्या दिल्या नसतील. एकदा मला शिंक आली. ती मी तोंडात टॉवेल कोंबून दाबली. (त्यामुळे कमरेचं काय झालं ते विचारू नका.)

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, “आत कोण ठोकतंय मघापासून?”

मी श्वास रोखला. आता ती सांगणार, माय हजबंड. आता मान मिळणार.

“कारपेंटर,” बायको म्हणाली. “ही इज रिपेअरिंग द डोअर.”

“अच्छा!”

“व्हेरी ओल्ड कारपेंटर,” बायको म्हणाली. हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

मुलाखत संपली. “उद्यापासून या,” असं मी स्वतः ऐकलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चला, तुमचं टेबल दाखवते,” आणि दोघी खाली निघून गेल्या. बाहेरचं दार बंद झाल्याचा आवाज आला. फार सॉफ्टली.

आता वचन संपलं होतं. मी मनसोक्त ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं.

मी त्या मगाला विनोद सांगून वेळ काढत होतो, तेव्हा सूनबाई ऑफिसातून आली.

“सूनबाई! मी अडकलोय! कडी तुटलीय!”

“आहे का तुमचं सुरू? मी आत्ता दमून आलेय, बाबा.”

“अगं खरंच! हेल्प!”

“पूर्ण वाक्य. जोडीदारासकट.”

“डोअर... डोअर इज... डेड!”

“चूक.”

“डोअर इज नॉट आन्सरिंग!”

“जवळ आलात. पण चूक.” आणि तिने चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. पुढे तिने सांगितलं की दार अडकलं की त्याला जॅम झालं म्हणतात. म्हणजे पावाला लावतात तेच दाराला होतं! अडकलेल्या माणसाला हे कसं सुचावं?

शेवटी मी कडीची तुटलेली मूठ दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवली. मग मात्र तिला घाम फुटला. स्क्रूड्रायव्हर आणला, फटीत घातला, बाहेरून खांदा लावला आणि दार सुटलं. मी बाहेर पडलो तो थेट बैठकीच्या खोलीत, कमरेला टॉवेल, हातात कंगव्याचं हत्यार, डोक्यावर आणि खांद्यांवर वाळलेल्या साबणाची पांढरी पुटं.

आणि समोर बायको. तिच्या मागे डॉक्टरीणबाई.

“हेच का तुमचे कारपेंटर?” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “काय मेहनती माणूस आहे हो! अंगावर केवढा भुसा उडालाय. मी मुद्दाम वर आले. आमच्या दवाखान्याचं दार नीट लागत नाही. आहे ना वेळ यांना?”

सूनबाईने तोंड फिरवलं. मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता तरी खरं सांगेल. पण ती नवी नोकरी मिळालेली बाई होती, आणि पहिल्याच दिवशी तिला खोटं पडायचं नव्हतं. तिने माझ्याकडे न बघता भिंतीवर ठोकलं.

टक टक.

मला खिळा सरळ मारता येत नाही हो! तरी दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन गेलो. दवाखान्याचं दार आधी नीट लागत नव्हतं. मी दिवसभर घाम गाळला, वरची स्प्रिंग काढली, परत बसवली. (एक तुकडा उरला. तो मी खिशात घातला.) तेव्हापासून ते दार आपणहून उघडंही राहत नाही आणि मिटतही नाही, मधेच लोंबकळत कुरकुरतं. आतला ओरडा बाहेर बसलेल्यांना ऐकू जातो आणि पेशंट पळून जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुरुस्त होईपर्यंत कोणीतरी दाराशी उभं राहून उघडझाप करायला हवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

झालं. सगळी नोकरी बसच्या दारात गेली, म्हातारपण दवाखान्याच्या दारात चाललंय. बायको टेबलामागे इस्त्रीची साडी नेसून बसते. लोक अदबीने विचारतात, मॅडम, माझा नंबर कधी? ती पेन टेबलावर दोनदा आपटते, मी दार उघडतो. एकदा आपटते, मी लावतो. परवा माझ्या जुन्या बसमधला एक नेहमीचा प्रवासी गाल धरून आला. मला बघून दाताचं दुखणं विसरला आणि म्हणाला, “काय कंडक्टर, अजून दारातच?”

ते मात्र मला लागलं. पेशंट गेले, जरा सामसूम झाली, तेव्हा मी टेबलापाशी गेलो. म्हटलं, “अगं, आता तुझं बस्तान नीट बसलंय. बाईंना एकदा सांगून टाक ना, की मी सुतार नाही, तुझा नवरा आहे.”

तिने फोनवरून मान वर केली नाही. पेन उचललं आणि टेबलावर आपटलं.

एकदाच.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो.